गेलेल्या माणसाचे देणे



गेल्या वर्षी कार्तिकात माझा थोरला भाऊ गेला. महिन्याभराने दत्तजयंती आली. चौल-भोवाळ्याचा दत्ताचा डोंगर आमच्या वाडीतून दिसतो. दादा दरवर्षी जयंतीला पहाटे अनवाणी पायऱ्या चढून जायचा. गेल्या वर्षी मात्र घरातून कोणीच गेले नाही. रात्री डोंगरावरचे दिवे बघत आम्ही ओटीवर बसून राहिलो. यंदा वर्षश्राद्ध झाले आणि थोड्याच दिवसांत या अंकासाठी काही लिहा म्हणून निरोप आला. नामस्मरणावर आणि गुरुकृपेवर लिहिणारे अधिकारी लोक पुष्कळ आहेत. माझ्या मनात वर्षभर एकच गोष्ट घोळते आहे, ती लिहितो. गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची म्हणजे नक्की काय करायचे?

हा प्रश्न पडला तो बाराव्या दिवशी. दादाला मुलगा नाही, एकच मुलगी. म्हणून क्रियेला मी बसलो. (पुतणीने 'मी का नको?' असे विचारले होते. गुरुजींनी तिला शेजारी बसवून दर्भाला हात लावायला सांगितले. माझ्या मते तिचेच बरोबर होते, पण तो विषय वेगळा.) सपिंडीकरणात गेलेल्याच्या पिंडाचे तीन भाग करून ते वडील, आजोबा आणि पणजोबा यांच्या पिंडांत मिळवतात. तोवर तो 'प्रेत' असतो, मग 'पितर' होतो. गुरुजी एकेक नाव विचारत होते. वडिलांचे सांगितले. आजोबांचे सांगितले. पणजोबांचे काही केल्या आठवेना. शेवटी वहिनी आतून सातबाऱ्याचा जुना उतारा घेऊन आल्या, त्यात सापडले.

पणजोबा राहू देत. आजोबांचे नाव मी फडाफडा सांगितले खरे, पण नावापलीकडे मला त्यांच्याविषयी काय ठाऊक होते? आमच्या घरात त्यांची ओळख दोनच शब्दांची: 'रामदासमध्ये गेले.' रायगडच्या किनाऱ्यावर याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १७ जुलै १९४७, आषाढातली अवस, गटारी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. किनाऱ्यावरच्या गावांतून आठवडाभर माणसे समुद्राकडे बघत उभी होती, असे जुनी मंडळी सांगत. आजोबा घरी आले नाहीत, त्यांचे प्रेतही आले नाही. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे.

आता बघा, बोट किती वाजता सुटली, कुठे कलंडली, कोण पोहून किनाऱ्याला लागले, हे सारे मला पाठ आहे. माझे आजोबा उंच होते की ठेंगणे, हे मात्र मला माहीत नाही. मुंबईत गिरणीत होते म्हणतात, कोणी म्हणते गोदीत. आजी १९८४ पर्यंत होती. लहानपणी आम्ही दोघे भाऊ तिच्या दोन बाजूंना झोपायचो. आषाढी अवसेला ती दिवे उजळायची आणि त्या दिवशी भाताला शिवायची नाही. आम्ही बोटीची गोष्ट सांग म्हणून तिच्या मागे लागायचो. माणसाची गोष्ट सांग असे आम्ही कधी म्हटले नाही. एका माणसाचे तीसपस्तीस वर्षांचे आयुष्य त्याच्या शेवटच्या अर्ध्या तासाने गिळून टाकले.

असे आपल्या जिल्ह्यात पुन्हा पुन्हा घडते. २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. इर्शाळवाडीत शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जणांचा पत्ता लागला नव्हता. हे आकडे आपण लक्षात ठेवतो. त्या ५७ जणांत कोण ढोल चांगला वाजवायचे, कोणाचे कोणाशी पटत नव्हते, ते वाचलेल्यांनाच ठाऊक, आणि त्यांना कोणी विचारले असेल की नाही कोण जाणे.

तेराव्याला उत्तरकार्य झाले. नाक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागला होता. फोटोत दादा हसतोय. तो फोटोत कधी हसत नसे, कुठल्या तरी लग्नातला काढून चेहरा उजळवला होता. प्रवचन झाल्यावर दोन शब्द बोलायला मला उभे केले. मी शिक्षकी केलेला माणूस, बोलायची सवय आहे. दादा अजातशत्रू होता, सर्वांवर प्रेम करणारा होता, घराचा आधारवड होता, दत्तभक्त होता, असे बरेच बोललो. लोकांनी डोळे पुसले. मंडप आवरताना पुतणी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, तुम्ही ज्यांच्याबद्दल बोललात ते कोण होते? मला तर बाबा हवे होते."

मला राग आला. मेलेल्या माणसाचे वाईट बोलू नये, हे शिकवायला का हवे? पण रात्री झोप लागेना. मी काय काय गाळले ते मला माहीत होते. दादा अजातशत्रू नव्हता. तापट होता. पैशाला चिकट होता. आणि शेवटची साडेतीन वर्षे तो माझ्याशी बोलत नव्हता.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, नारळ मुळासकट उपटले गेले. आजाच्या वेळची वाडी तीन तासांत उघडी पडली. मी म्हटले, "आता पुरे. विकून टाकू, गिऱ्हाईक आहे." तो म्हणाला, "तुला काय, तू पगार खाल्लास. माती तू कधी खाल्लीस?" पोफळीचे रोप लावले तर फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात आणि त्याचे वय तेव्हा बासष्ट. मी हे बोलून दाखवले. 'तू बघायला तरी राहशील का?' असे सरळ म्हटले. भावाला असे बोलायला नको होते. मग बोलणे हळूहळू कमी होत गेले आणि दुसऱ्या वर्षी बंदच झाले. आणि बघा, शब्द खरा ठरला. पहिल्या पोफळींना पोय येण्याआधी तो गेला.

मग मी दत्तसंप्रदायाच्या आपल्या ग्रंथांकडे वळलो. खरे सांगायचे तर आधार शोधायला नव्हे, पळवाट शोधायला. अवधूताच्या चोवीस गुरूंत आठवा गुरू कपोत. पारध्याच्या जाळ्यात पिल्ले सापडली, त्यांच्यामागे कपोती गेली, आणि तिच्यामागे कपोतानेही जाळ्यात उडी घेतली. भागवताच्या एकादश स्कंधातली ही कथा आपण मोह सोडा म्हणून सांगतो. मला वाटले, झाले, उत्तर मिळाले. गेलेल्याला उकरत बसू नये, सोडून द्यावे. पण पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की तो कपोत रडतो कशासाठी? माझे घर गेले, माझा संसार अर्ध्यावर राहिला, मी एकटा कसा राहू? त्याच्या साऱ्या विलापात कपोती कशी होती, तर मला अनुरूप, मला अनुकूल, मलाच देव मानणारी; तिथेही सगळे 'माझे' आहे. तेराव्याच्या माझ्या भाषणातही तेच होते. 'माझा आधार गेला' हे मी चार वेळा म्हटले. दादा जणू माझा आधार होण्यासाठीच जन्मला होता! मोह सोडायचा तर हे 'माझे' सोडावे लागेल. तो कसा होता हे विसरणे म्हणजे वैराग्य असे मला वाटत नाही. ते सोयीचे आहे, एवढेच.

दुसरी गोष्ट गुरुचरित्रातली, विसाव्या अध्यायातली. जयंतीच्या सप्ताहात ही पोथी मी तीस वर्षे वाचतो आहे, पण पारायणाच्या वेगात कितीतरी ओव्या नुसत्या ओठांवरून जातात. शिरोळच्या बाईची मुले दगावतात. तिला कारण सांगितले जाते: मागल्या जन्मी एका शौनकगोत्री ब्राह्मणाचे पैसे तू घेतलेस आणि बुडवलेस, तो तळमळत मेला आणि त्याची क्रियाही कोणी केली नाही. तिला दोन गोष्टी करायला सांगितल्या आहेत. औदुंबरापाशी सेवा करून त्याची क्रिया कर, आणि घेतलेले द्रव्य त्याच्या गोत्रातल्या माणसाला परत दे. नुसत्या क्रियेने भागले नाही. त्या पिशाच्चाचा स्तोत्र गाऊन गौरव कर, असेही कोणी म्हटले नाही. जे देणे होते ते द्यायला सांगितले. (पुढच्या एकविसाव्या अध्यायात तिचा मेलेला मुलगा उठतो. आपली माणसे उठत नाहीत. तो अध्याय वाचताना ज्याच्या घरी नुकतेच कोणी गेले आहे त्याचा आवाज फुटतो, हे मी सप्ताहात बसलेल्यांचे पाहिले आहे.)

पौषात वहिनींनी दादाची वही आणून दिली. लांब पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. वादळानंतरचा सगळा जमाखर्च. पोफळीची रोपे किती, नारळाची किती, आळ्यांना मजुरी किती, पंपाची दुरुस्ती, वीजबिल. दर वर्षाच्या शेवटी खर्चाचे दोन भाग केलेले, आणि उजवीकडच्या भागासमोर माझे नाव आणि एकच शब्द: 'येणे'. चार वर्षांचे 'येणे' होते. त्याने कधी मागितले नाही. मला क्षणभर हसू आले. एवढा चिकट माणूस, सोडले तर नाहीच! आणि मग कळले की बोलणे बंद असतानाही त्या वाडीत त्याने माझा अर्धा वाटा धरला होता. बोलत नसलेल्या भावाला तो दर वर्षी हिशेबात घेत होता.

मी बँकेतून पैसे काढून पुतणीच्या हातात ठेवले. वाटले होते, ती नको म्हणेल. तिने मोजून घेतले. "बाबांनी मोजून घेतले असते," म्हणाली. मग तिने तिचे 'येणे' सांगितले. बारावीनंतर तिला मुंबईत शिकायचे होते, मार्क होते. दादाने पाठवले नाही. वाडीला माणूस हवे म्हणाला, खर्चही नको होता. "मला बाबांची आठवण येते ना काका, तेव्हा हेही आठवतं. ते काढून टाकलं तर उरतात ते फ्लेक्सवरचे."

इथे मला एक मर्यादा सांगावीशी वाटते, कारण हल्ली 'खरे बोलतो' म्हणत लोक मेलेल्याची उणीदुणी नाक्यावर काढतात. गुण कोणीही सांगावे. दोष मात्र ज्याने सोसला त्यानेच सांगावा, आणि घरात, ज्यांना तो माणूस हवा आहे त्यांच्यापुढे. पुतणीची गोष्ट तिने परवानगी दिली म्हणून लिहिली. दादाचे आणखी दोन-तीन दोष मला माहीत आहेत, पण ते वहिनींनी सोसलेले आहेत. ते सांगायचा अधिकार माझा नाही आणि त्या सांगत नाहीत. मी सांगू शकतो तो माझा: वादळानंतर भावाला जे बोललो ते. तेराव्याच्या मंडपात ते बोललो असतो तर कदाचित ती खरी श्रद्धांजली झाली असती. शेजारीपाजारी चपापले असते, इतकेच.

वर्षश्राद्धाला आम्ही हरिहरेश्वरला गेलो. आगरदांड्याला जंगलजेटीत गाडी चढवली. दक्षिण काशी म्हणून तिथे लांबलांबून लोक येतात, विष्णुपदाशी पिंडदान करतात. विधी झाला. गुरुजींनी तीन पिढ्यांची नावे विचारली, या खेपेला मी न अडखळता सांगितली. परत येताना दिघीच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत बसलो होतो. वहिनी एकदम बोलू लागल्या. लग्नानंतर पहिल्यांदा दादा त्यांना हरिहरेश्वरला घेऊन गेला, तेव्हा तिकिटाचे पैसे वाचवायला ओळखीच्या होडीने नेले, होडी चिखलात रुतली, आणि नव्या नवरीला गुडघाभर चिखलातून चालत यावे लागले. "आणि वर मलाच म्हणतात, चपला हातात घेता येत नव्हत्या का!" आम्ही तिघे इतके हसलो की शेजारचे लोक बघायला लागले. पिंडदान करून आलेली माणसे अशी हसतात का, असे त्यांना वाटले असेल.

दादाच्या वहीची मागची पाने कोरी आहेत. पुतणी त्यात लिहिते. दादाबद्दल जे जे कोणाला आठवेल ते, चांगलेवाईट, तारीख ठाऊक असली तर तारखेसकट. कोणत्या ओळीतली पोफळ त्याने कधी लावली हेही. यंदा जयंतीला आम्ही डोंगरावर जाणार आहोत. परवा ती वही घेऊन आली आणि एक नवे पान काढून म्हणाली, "रामदासवाले पणजोबा. सांगा." मी नाव सांगितले. तिने लिहिले आणि विचारले, "आणखी?"

आणखी काही नाही, असे म्हणणार होतो. मग आठवले. मी सातआठ वर्षांचा असेन, ताप आला होता, पेज नको म्हणून हटून बसलो होतो. आजी म्हणाली होती, "तुझा आजा पण असाच. ताप आला की पेज नको, गूळ दे म्हणायचा."

तिने लिहून घेतले: तापात गूळ मागत.