कुंडलिकेवरची लीला

कोलाडच्या कुंडलिका नदीवर लाटांना वेळापत्रक असतं. भर उन्हाळ्यात कोकणातल्या बाकीच्या नद्यांच्या पात्रात नुसते गोटे उरतात, पण ही नदी सकाळी फुगते आणि दहा-बारा किलोमीटर फेसाळत धावते. वर भिऱ्याला टाटांचं वीजघर आहे. तिथली जनित्रं फिरली की पाणी सुटतं, आणि पाणी आलं की पुण्या-मुंबईहून पहाटे निघून आलेली मंडळी हेल्मेटचा पट्टा आवळून राफ्टमध्ये बसतात.

हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाही, मुळशीचं आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पडणारा तो पाऊस मुळा, भीमा, कृष्णा असा मजल-दरमजल करत बंगालच्या उपसागराला जायचा. मुळशीच्या धरणाने तो अडवला, बोगद्यातून पश्चिमेला वळवला आणि सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला आणून सोडला. १९२७ पासून मुळेचं पाणी असं अरबी समुद्राला जातं आहे. एका नदीचा समुद्रच बदलला. लाट ही त्यातली अगदी शेवटची, फुकटात पडलेली गोष्ट.

ती लाट अंगावर घेण्यात मजा मात्र खरी आहे. गाईड ‘फॉरवर्ड’ म्हणून ओरडतो, वल्ही एकदम पाण्यात पडतात, राफ्टचं नाक आभाळाकडे जातं आणि गार पाण्याचा सपकारा तोंडावर बसतो. त्या दोन-चार सेकंदांत घराचा हप्ता, साहेब, गुडघेदुखी यातलं काही आठवत नाही. ‘मी’ नावाचा माणूसच गैरहजर असतो म्हणा ना. जगभरचे सर्फर याच अनुभवाला बेधडक आध्यात्मिक म्हणतात. आपल्याकडे कर्नाटकातल्या मुल्कीला एका अमेरिकन वैष्णव संन्याशाने २००४ मध्ये सर्फिंगचा आश्रमच काढला. जप, कीर्तन, शाकाहारी जेवण आणि फळी घेऊन समुद्र, असा तिथला दिनक्रम. ‘सर्फिंग स्वामी’ या नावाची थट्टा करणं सोपं आहे; पण नामस्मरणात जे साधायचं तेच लाटेवर साधत असेल, तर आक्षेप नेमका कशाला घ्यायचा?

हवाई बेटांवर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. तिथे लाटेवरचा खेळ आणि देवधर्म वेगळे नव्हतेच. कोनाच्या किनाऱ्यावर कहालुऊला कुएमानू नावाचं दगडी देवस्थान आहे, आणि त्याचा संबंध थेट सर्फिंगशी सांगतात. लोनो देवाच्या मकाहिकी सणात लढाया बंद असत, आणि त्या दिवसांत लोक मनसोक्त खेळत. समुद्र निवांत असला तर पोहुएहुए नावाच्या वेलीचे फटकारे पाण्यावर मारून, मंत्र म्हणून लाटांना बोलावलं जाई. ही वेल मराठी माणसाला परकी नाही. जांभळ्या फुलांची, वाळूवर लांबच लांब पसरणारी कोकणातली मर्यादवेल ती हीच.

पण हवाईचं चित्र इतकं गुलाबी रंगवायचं कारण नाही. कापू नावाच्या निषेधांच्या व्यवस्थेत श्रेष्ठी आणि सामान्य यांची पायरी ठरलेली होती. लांबलचक ‘ओलो’ फळ्या सरदारांसाठी, आखूड फळ्या बाकीच्यांना. काही ठिकाणच्या लाटाही बड्यांसाठी राखून ठेवलेल्या. १८१९ मध्ये कापू मोडला, १८२० मध्ये बोस्टनहून मिशनरी आले. त्यांना हा उघड्या अंगाचा खेळ म्हणजे आळस आणि अनाचार वाटला. रोगराईने माणसंही भराभर गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाटांवर तुरळक लोक उरले. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या ड्यूक कहानामोकूने पुढे हा खेळ जगभर नेला. तोवर हवाईचं राज्य अमेरिकेने गिळलेलं होतं. लाट देवाची होती, हे खरंच. तिच्यावर हक्क कुणाचा, हे मात्र माणसंच ठरवत होती.

आपल्या वेदान्त्यांनी खेळाचा विचार वेगळ्या टोकाने केला. ज्याला काहीच कमी नाही त्या ईश्वराने जग कशाला निर्माण करावं? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातलं उत्तर असं, की ती निव्वळ लीला आहे. सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला राजा काही मिळवायचं नसताना खेळतो, तसं, असं शंकराचार्य भाष्यात समजावतात. लीला या शब्दावर भाळणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. सूत्रकार थांबत नाहीत. लगेच पुढच्याच सूत्रात शंका येते: हा खेळ असेल, तर काहींच्या वाट्याला सुख आणि काहींच्या वाट्याला दुःख का? खेळणारा पक्षपाती, निर्दय ठरत नाही का? खेळाचं नाव निघताच पहिला प्रश्न ज्यांना दुःख झालं त्यांच्याबद्दल विचारला गेला, ही त्या ग्रंथाची सचोटी. उत्तर मात्र येतं, ज्याचं त्याचं कर्म.

ते उत्तर मुळशीत चालत नाही. धरणाखाली पन्नासएक गावांची जमीन जाणार होती. भातखाचरं, घरं, ग्रामदैवतांच्या जागा, सगळं. ते मावळ्यांच्या प्रारब्धात नव्हतं, १८९४ च्या भूसंपादन कायद्यात होतं. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. जमिनीचे मालक असलेल्या पुण्याच्या सावकारांपैकी बऱ्याच जणांना पुढे मोबदला पुरेसा वाटला. कसणाऱ्या कुळांना तसं वाटायचं कारण नव्हतं. डिसेंबर १९२४ मध्ये बांधकामावरची रेल्वेगाडी अडवून बापटांनी शस्त्र चालवलं, त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगली, आणि लढा संपला.

गंमत म्हणजे हेच बापट पक्के अध्यात्मवादी. श्री अरविंदांचे ग्रंथ त्यांनी मराठीत आणले. जग ही ईश्वराची लीला, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरी भातखाचर बुडताना लीला म्हणून स्वस्थ बसणं त्यांना जमलं नाही. लीलेचं तत्त्वज्ञान ज्याचं बुडतं त्याने स्वतःहून पत्करलं तर ते वैराग्य. बुडवणाऱ्याने किंवा काठावरच्याने ऐकवलं तर तो निव्वळ सोयीस्करपणा.

मग कोलाडच्या राफ्टमधल्या आनंदाला पाप म्हणायचं का? तसं म्हणणं म्हणजे बोस्टनच्या मिशनऱ्यांच्या पंगतीत बसणं. शिवाय ज्या विजेवर मुंबई शंभर वर्षं चालली, तिचा हिशेब राफ्टवाल्यांकडून वसूल करणं हास्यास्पद आहे. कोलाडच्या पोरांना त्या पाण्याने रोजगार दिला आहे. आक्षेप आनंदाला नाही. ‘निसर्गाशी एकरूप झालो’ असं जे सांगितलं जातं, त्याला आहे. जो निसर्ग वीजघराच्या वेळापत्रकानुसार सुटतो, त्याच्याशी एकरूप व्हायचं तर बोगद्यापलीकडची मुळशीही त्या एकरूपतेत यायला हवी. हवाईत १९७०च्या दशकात स्थानिक सर्फरांनी उत्तर किनाऱ्यावर संघटना काढली, ती बाहेरून आलेल्यांनी या लाटा कुणाच्या हे ओळखावं म्हणूनच. त्याने तिथलं सर्फिंग काही बेचव झालं नाही. कोलाडचे गाईडही नदीत उतरण्यापूर्वी लाइफ जॅकेट, वल्हं, पाण्यात पडलं तर पाय वर कसे ठेवायचे, हे सगळं समजावून सांगतात. पाणी येतं कुठून, हे त्यात घालायला आणखी दोन मिनिटं पुरतील.