साहसाचा अपराध

आजच्या मराठीत ‘साहस’ हा गौरवाचा शब्द आहे आणि निंदाच करायची झाली तर ‘दुःसाहस’ असे म्हणावे लागते. धर्मशास्त्राला मात्र या उपसर्गाची गरज नव्हती, कारण तेथे साहस हे अठरा व्यवहारपदांपैकी, म्हणजे राजाच्या न्यायसभेपुढे येणाऱ्या वादविषयांपैकी, एक होते. ‘सहस्’ म्हणजे बळ आणि बळाच्या मदाने केलेले कृत्य ते साहस, अशी व्युत्पत्ती नारदस्मृती देते. दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव पडले: मनूच्या मते प्रथम साहस 250 पणांचा, मध्यम 500 पणांचा आणि उत्तम 1000 पणांचा.

साहस आणि चोरी यांत मनू व कौटिल्य यांनी केलेला भेद विशेष मार्मिक आहे. धन्याच्या डोळ्यांदेखत बळाने हिरावून घेणे हे साहस आणि त्याच्या नकळत नेणे ही चोरी, असे सांगून मनू साहसिकाला चोरापेक्षाही अधिक पापी ठरवतो. चोर लपतो, म्हणजे निदान नियमाचे अस्तित्व तरी तो मान्य करतो; साहसिक मात्र समोरच्या माणसालाच जमेस धरत नाही. निर्भयतेला येथे गुण मानलेले नाही, हे आजच्या वाचकाला खटकेल, पण त्यामागचा विचार पक्का आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात हाच विचार कर्त्याच्या बाजूने येतो. अनुबंध म्हणजे पुढे होणारा परिणाम, क्षय म्हणजे हानी, हिंसा म्हणजे दुसऱ्यांना होणारी पीडा आणि पौरुष म्हणजे स्वतःचे सामर्थ्य, या चारांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तेथे तामस ठरते. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त भीम तत्काळ युद्धाचा आग्रह धरतो, तेव्हा युधिष्ठिर त्याला अविवेकाचा धोका समजावतो; युद्ध त्याला अमान्य नसते, अमान्य असते ती घाई. हा उपदेश उत्तम खराच, पण तो करणारा पुरुष द्यूतसभेत राज्य, भाऊ, स्वतः आणि अखेर द्रौपदी अशी एकेक गोष्ट पणाला लावून बसलेला आहे, हे विसरता येत नाही.

त्या द्यूतात गीतेने सांगितलेल्या चारही गोष्टींचा विसर पडला होता. तरीही त्यातला खरा दोष धोक्याच्या मोठेपणात नसून, ज्यांचे आयुष्य डावावर लागले त्यांना कोणी विचारलेच नाही, यात आहे. केवळ स्वतःचा प्राण पणाला लावणाऱ्याला अविचारी म्हणता येईल, पण स्मृतींच्या अर्थाने साहसिक म्हणणे कठीण. द्रौपदीनेही डाव का हरलात असे विचारले नाही. आधी स्वतःला हरलेल्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, एवढेच तिने विचारले आणि धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्मांनी निर्णय देण्याचे टाळले.