शहराचा निकाल आणि घरचा पत्ता



आपल्या गायकवृंदात किंवा नाताळच्या नाटकात उठून दिसणारे एखादे मूल बारावी झाल्यावर ‘मी मुंबईला ऑडिशनला जातो’ म्हणते, तेव्हा घरात दोन पक्ष पडतात. वडील म्हणतात, आधी एमआयडीसीत कायम हो, मग काय गायचे ते गा. आई गुपचूप प्रवासाचे पैसे देते. (कधी याच्या उलटही असते.) मग दोन्ही पक्ष धर्मगुरूकडे येऊन विचारतात, ‘फादर, जाऊ द्यावे का?’

आम्हांला वाटते, हा प्रश्न आता जुना झाला. तळोजाहून मुंबई आहेच किती लांब? २०२३ पासून पेंधरहून बेलापूरला मेट्रो धावते, पुढे हार्बरची गाडी. मूल जाणारच. विचारायला हवे ते असे, की तिथे त्याला जो निकाल मिळेल तो नेमका कशाचा असेल? आणि तो निकाल घेऊन ते संध्याकाळी कुणाकडे परत येईल?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हांला प्रथम फार चमत्कारिक वाटला होता. अ‍ॅरिस्टॉटलचा धागा पकडून ते म्हणतात, की कलेमध्ये जाणूनबुजून चूक करणारा हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा बरा. आचरणात मात्र नेमके उलट. गवंड्याने मुद्दाम भिंत वाकडी बांधली तर त्याचा हात कच्चा ठरत नाही; सरळ बांधायला गेला आणि वाकडी झाली, तर ठरतो. पण जाणूनबुजून खोटे बोलणारा हा गैरसमजातून चुकीचे बोलणाऱ्यापेक्षा वाईटच. म्हणजे हाताची परीक्षा वेगळी आणि माणसाची वेगळी. ऑडिशनच्या खोलीत बसलेला मनुष्य फक्त पहिली परीक्षा घेतो. तीही पुरती नाही. त्या दिवशी त्या भूमिकेला कसा चेहरा, कसा आवाज हवा, एवढेच तो पाहत असतो. तुमचा मुलगा कसा माणूस आहे, हे ठरवण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही.

इथे कुणी म्हणेल, फादर, हे पुस्तकात ठीक आहे. गवंड्याची भिंत त्याच्या बाहेर उभी असते. गायकाचा गळा, नटाचा चेहरा कुठे बाहेर असतो? ‘तुझा आवाज नको’ हे वाक्य एकोणीस वर्षांच्या मुलीला ‘तू नकोस’ असेच ऐकू येणार. हा आक्षेप खरा आहे. थॉमस यांचा भेद बुद्धीला पटतो, पण अंधेरीहून परत येताना गाडीच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला तो पुरत नाही.

अशा वेळी आपण चटकन लतादीदींचे उदाहरण देतो. १९४२ साली वडील मास्टर दीनानाथ गेले, पाठची चार भावंडे, १९४५ मध्ये मुंबई गाठली. निर्माते शशधर मुखर्जी यांनी आवाज फार पातळ म्हणून नाकारला आणि संगीतकार गुलाम हैदर मात्र त्या आवाजामागे ठाम उभे राहिले. गोष्ट खरी आहे, तरी मुलांना धीर देताना ती सांगायला आम्ही कचरतो. कारण ती ऐकून मूल असे समजते, की नाकारणारा नेहमी चुकतोच. तसे नाही. ज्यांना शहराने नाकारले आणि शहराचे बरोबर होते, अशांची गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही, आणि ते फार जास्त आहेत. मग त्यांचे काय? ज्याचा गळा खरोखरच कमी पडला, त्यालाही रात्री घरी यायचे असते. त्याला ‘एक दिवस जग तुला मानेल’ हे सांगणे म्हणजे गोड शब्दांत खोटे बोलणे होय.

पंडित भीमसेन जोशी यांच्या लहानपणची एक गोष्ट आम्हांला अधिक उपयोगाची वाटते. भजनाची दिंडी किंवा बँड दिसला की हे मूल त्याच्या मागे निघे आणि दमून कुठेतरी झोपी जाई. शोधून थकलेल्या वडिलांनी शेवटी त्याच्या सदऱ्यावरच लिहून ठेवले, ‘जोशी मास्तरांचा मुलगा’, म्हणजे कुणीही उचलून घरी आणून पोचवावे! पुढे १९३३ साली, अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. हिंडत हिंडत पार जालंदरला पोचले, तेव्हा वडील तिथवर शोधत गेले व त्यांना घेऊन आले. १९३६ पासून सवाई गंधर्वांकडे त्यांची तालीम सुरू झाली. मुंबईत ते रेडिओवर गाऊ लागले ते १९४३ मध्ये. त्या वडिलांनी मुलाला खुंटीला बांधले नाही. सदऱ्यावर पत्ता लिहिला.

त्याच १९४३ च्या सुमारास गोव्यातील माजोर्डे गावचा एक सोळा वर्षांचा मुलगा व्हायोलिन घेऊन मुंबईला आला. त्याचे नाव अँथनी गोन्साल्विस. वडील चर्चमध्ये गायकवृंदाला शिकवणारे. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वर वाचायला शिकलेल्या अशा कितीतरी मुलांनी पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. चित्रपटाच्या नामावलीत त्यांची नावे सहसा येत नसत. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये प्यारेलालजींनी आपल्या गुरूचे नाव एका गाण्यातून देशभर पोचवले. सारा देश ते नाव गुणगुणला. त्या नावाचा खरा माणूस आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. ते स्वतः १९६५ मध्येच चित्रपटसृष्टी सोडून गेले होते. नंतर माजोर्ड्यात शांतपणे राहिले आणि जानेवारी २०१२ मध्ये देवाघरी गेले.

गोव्याहून येणाऱ्या मुलांपैकी अनेकांचा पहिला मुक्काम असे तो आपल्या गावच्या कूडात. वडीलधाऱ्यांना हा शब्द माहीत असेल. धोबीतलाव, माझगाव भागांत गावागावांचे कूड होते, काही आजही आहेत. एका खोलीत ओळीने ट्रंका, रात्री अंथरायला चटई, परवडेल असे भाडे, भिंतीशी वेदी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी सर्वांनी मिळून रोझरी. बोटीची वाट पाहणारा खलाशी, आचारी आणि काम न मिळालेला वादक शेजारी शेजारी गुडघे टेकत. आज कुणाला काम मिळाले आणि कुणाला नाही, यावरून रोझरीतली जागा बदलत नसे. तिथे तुम्ही अमक्या गावचे, अमक्याचे पोर, एवढेच असायचे. म्हणजे पुन्हा सदऱ्यावरचा पत्ताच! थॉमस यांनी जो भेद शब्दांत मांडला, तो या साध्या आचाऱ्या-खलाशांनी चार भिंतींत बांधून दाखवला.

कूडाचे फार गोडवे गाऊ नयेत. तिथे गर्दी होती, भांडणे होती आणि मुलींना तर दारच नव्हते. तरी एक गोष्ट गावाला कळली होती, की मूल शहरात जाणार तर त्याच्या अपयशाची सोय आधी करून ठेवावी. यशाची सोय त्याचे ते पाहून घेते.

आपण काय करतो? एक तर घराचे दार लावतो, नाहीतर टीव्हीवरचे गाण्याचे कार्यक्रम पाहून मुलापेक्षा आपणच अधीर होतो. हा दुसरा प्रकार आम्हांला अधिक धोक्याचा वाटतो. जे मूल आईबापांचे स्वप्न पाठीवर घेऊन जाते, ते नकार घेऊन घरी यायला घाबरते. मग ते कुणाचेही ऐकते. ‘आधी फोटोंचे पैसे भरा’, ‘नोंदणीचे पैसे भरा’, ‘कार्ड काढून देतो’ असे म्हणणारी माणसे अशाच मुलांची वाट पाहत बसलेली असतात. काम देणारा मनुष्य पैसे देतो, मागत नाही, हे मुलांना एकदा नव्हे, दहादा सांगा. आणि हेही सांगा, की पैसे गेले, फसलास, तरी घरी ये. त्या रात्री हिशोब विचारणार नाही.

मोहरांच्या दाखल्यातला तिसरा चाकर आपली मोहर जमिनीत पुरतो, कारण तो धन्याला घाबरतो. आम्ही हा दाखला समजावताना नेहमी त्या चाकराच्या आळसाबद्दल बोलतो. त्याच्या भीतीबद्दलही बोलायला हवे. मुले आपल्याला घाबरत असतील, तर ती मोहर पुरून तरी टाकतील, किंवा गमावल्यावर तोंड दाखवणार नाहीत.

आपल्या धर्मग्रामात गोवा, मंगळूर, केरळ, वसई, नगर अशा सर्व भागांतली कुटुंबे आहेत. पुष्कळांचे नातेवाईक अंधेरी, मालाड, गोरेगाव परिसरात राहतात. ऑडिशनला गेलेल्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, उशीर झाला तर एक रात्र राहू देतील, जेवू घालतील आणि काय झाले म्हणून खोदून विचारणार नाहीत, अशी दोन-चार घरे आपल्याला हवी आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी आधी त्या नातेवाइकांशी बोलून घ्यावे आणि रविवारच्या मिस्सानंतर कार्यालयात नाव द्यावे. यादी आम्ही आमच्याजवळच ठेवू.