बंदुकीचा परवाना आणि एक पाळक

३० जानेवारी १९५६. अमेरिकेतील अलाबामा राज्यातले माँटगोमेरी शहर. बसमध्ये काळ्या लोकांना मिळणाऱ्या अपमानास्पद वागणुकीविरुद्ध तिथे बहिष्कार सुरू होऊन दोन महिने होत आले होते. त्याचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग हे बॅप्टिस्ट पंथाचे पाळक, वय अवघे सत्तावीस. त्या रात्री ते सभेला गेले असताना त्यांच्या घराच्या ओटीवर बॉम्ब फेकण्यात आला. घरात पत्नी कोरेटा होती आणि अडीच महिन्यांची लेक. देवाच्या दयेने दोघी बचावल्या. संतापलेला जमाव हत्यारे घेऊन दाराशी जमला, तेव्हा किंग यांनी त्यांना तलवारीविषयीचे प्रभूचे शब्द आठवून दिले आणि घरी पाठवले.

इथपर्यंतची कथा आपण प्रवचनांतून ऐकलेली असते. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही.

हितचिंतकांच्या आग्रहामुळे किंग शेरीफच्या कचेरीत गेले आणि मोटारीत पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी त्यांनी अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. घरात एक हत्यार मात्र होतेच.

आम्हाला हा अर्ज त्यांच्या थोरवीला कमीपणा आणणारा वाटत नाही. तान्ह्या मुलीच्या बापाला भीती वाटू नये काय? ख्रिस्तसभाही स्वसंरक्षणाला पाप म्हणत नाही. ज्यांच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी ते गंभीर कर्तव्यही ठरू शकते, अशी तिची शिकवण आहे. तेव्हा 'ख्रिस्ती माणसाने शस्त्राला शिवूच नये' असे सांगून हा प्रश्न सुटत नाही.

पण नकार मिळाला म्हणून किंग निःशस्त्र झाले असेही नाही. पुढे १९५८ साली आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिले आहे की, अहिंसेच्या चळवळीचे नेतृत्व करायचे आणि स्वतःसाठी मात्र हत्यार ठेवायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी आणि कोरेटाने कित्येक दिवस आपसात बोलून घरातले हत्यार काढून टाकले. घराभोवती मोठे दिवे लावले, रात्रंदिवस बिनहत्यारी राखणदार ठेवले, शहरात एकट्याने फिरणार नाही असा शब्द मित्रांना दिला. म्हणजे कुटुंबाला वाऱ्यावर सोडले नाही. घरात हत्यार होते तेव्हाच आपल्याला अधिक भीती वाटे, असेही त्यांनी नमूद केले आहे.

कुणी म्हणेल, अखेर ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसला ते गोळीनेच गेले ना? खरे आहे. पण दुरून रायफलीने मारलेली ती गोळी खिशातल्या पिस्तुलाने अडली नसती. आणि अडली असती, तरी त्यांनी आपला निर्णय बदलला असता असे आम्हाला वाटत नाही.

त्याच अलाबामात १ जानेवारी २०२३ पासून लपवून पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. न्यूयॉर्कसारख्या राज्यात त्यासाठी खास कारण दाखवावे लागे. ती अट २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. हे सारे वाईटच झाले असे म्हणवत नाही, कारण कुणाला परवाना द्यायचा हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले की काय होते, ते काळ्या लोकांनी भोगले आहे. मात्र 'तुला हे कशाला हवे?' असे विचारणारे टेबलापलीकडे आता कुणी नाही.

आपल्या धर्मग्रामातली कितीतरी कुटुंबे तिकडे स्थायिक झाली आहेत, नागरिक झाली आहेत. त्यांच्यापैकी कुणी पिस्तूल घेण्याचे मनात आणले, तर उपदेश करण्यापूर्वी आपण त्यांना साध्या गोष्टी विचाराव्यात. धाक कुणाचा आहे? घरात लहान मूल आहे, मग ते ठेवणार कुठे? दिवे, कुलपे, शेजारी, पोलीस हे सारे करून झाले काय? समोर चोर म्हणून आलेला एखाद्याचा सोळा वर्षांचा मुलगा निघाला तर? आणि या सगळ्याविषयी बायकोशी बोलणे झाले आहे काय?