व्याज गेले, व्याजदर राहिला

आम्ही उर्दू शाळेतले मास्तर. पगार बँकेत जमा होतो, त्यावर व्याजही पडते. कुणी ते काढून सवाबची नियत न ठेवता गरजूला देतो, कुणी खात्यातच पडू देतो. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय सोडून दिला. म्हणून स्टाफरूममध्ये वाद निघाला की कुणीतरी म्हणतोच, "मलेशियाकडे बघा!"

तर बघू. तिथले खेडूत व्याज नको म्हणून हजचा पैसा घरातच साठवत, नाहीतर जमीन, गुरे विकत. अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांनी १९५९ मध्ये तोडगा सुचवला आणि १९६३ मध्ये हजनिधी सुरू झाला. गरिबांची बचत उद्योगात लागली, नफ्यातला वाटा त्यांना मिळू लागला. इथवर सारे मनासारखे आहे.

पण विकसनशील देशाला बाहेरचे भांडवलही लागते. २००२ मध्ये मलेशिया सरकारने जागतिक बाजारात ६० कोटी डॉलरचे सुकूक विकले. सरकारी रुग्णालये वगैरे मालमत्ता एका खास कंपनीला विकायची, तीच भाड्याने घ्यायची आणि ते भाडे सुकूकधारकांना द्यायचे. कागद चोख! भाडे मात्र लायबोरला, म्हणजे लंडनच्या व्याजदराला बांधलेले. पुढे २०२३ मध्ये लायबोर इतिहासजमा झाला, तरी मोजपट्टी व्याजदराचीच राहिली.

मुफ्ती तकी उस्मानी यांनी यावर दाखला दिला आहे: सरबत विकणाऱ्याने दारूवाल्याइतकाच नफा ठरवला म्हणून सरबत हराम होत नाही. (ही पद्धत त्यांनाही पसंत नाही, हे सांगायला लोक विसरतात.) दाखला आम्हाला पटतो. आम्हाला खटकते ते वेगळेच. सरबतवाल्याचा माल नासला तर तोटा त्याचा. इथे तोटा कुणाचा? तिजोरीत खडखडाट असो वा नसो, भाडे ठरलेले. व्यापार हलाल आणि रिबा हराम, यातला फरक जोखमीत नसेल तर तो फक्त शब्दांतच उरतो.

हे लिहिताना आमचीच एक बैठक आठवते. एका सहकाऱ्याच्या भावाने दुकानासाठी आमच्या बिनव्याजी फंडाकडे पैसे मागितले. कर्ज नव्हे, मुदारबा, नफ्यातोट्यासह. "तोटा झाला तर?" असे आम्हीच विचारले. अखेर दोन जामीन घेऊन कर्ज दिले. दुकान चालू आहे, हप्ते वेळेवर येतात.