पोलादी छाती

खोटं बोलू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. खोटं नेसू नये, असं मात्र कोणी सांगत नाही. केसांना कलप लावणारा, कोटाच्या खांद्यात कापूस भरून घेणारा माणूस सत्यवचनी म्हणावा की नाही? गेले काही दिवस हा प्रश्न मला छळतो आहे, आणि त्याला कारण झालं आहे एक जाडजूड पुस्तक. युरोपातल्या सरदार-दरकदारांच्या चिलखतांची रंगीत चित्रं असलेलं हे पुस्तक एका मित्राने माझ्याकडे आणून टाकलं, कारण त्याच्या घरी ते ठेवायला जागा नव्हती. (माझ्याही घरी नाही, पण हे कळेपर्यंत तो जिना उतरून गेला होता.)

त्यातल्या एका चित्रापाशी मी अडकलो. इटलीतल्या उर्बिनोचा ड्यूक दुसरा ग्विदोबाल्दो याच्यासाठी १५४६ साली बार्तोलोमेओ कांपी नावाच्या कारागिराने केलेलं चिलखत. हल्ली ते माद्रिदच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात असतं. चिलखत कसलं, जुन्या रोमन सेनापतीची असावी तशी उघडी भरदार छातीच ती, फक्त पोलादाची! स्नायू न स्नायू उठून दिसतो आहे. असली छाती कमवायची तर आखाड्यात वर्षानुवर्षं माती खावी लागते. इथे पट्टे आवळले की काम झालं. कांपी मुळात सोनार. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात; या सोनाराने छातीच ठोकून दिली.

आणि नुसती दिली नाही. ज्या कामाला पुरतं वर्ष लागतं, ते आपल्या धन्याच्या मर्जीखातर आपण दोन महिन्यांत पुरं केलं, अशी लॅटिन नोंद त्याने चिलखतावरच कोरून ठेवली. गिऱ्हाइकाच्या अंगावरच तक्रारअर्ज कोरणारा हा कारागीर मला भारी आवडला. (आमचा शिंपी दोन महिन्यांचं काम वर्षभराने देतो आणि कुठेही काही लिहून ठेवत नाही.)

आता गंमत अशी, की हे असलं उठावाचं काम लढाईत अगदी कुचकामी. चिलखताचं सगळं मर्म त्याच्या गुळगुळीतपणात असतं. गोलसर, सफाईदार पत्र्यावर भाल्याचं टोक आदळलं तर घसरून जातं. त्यावर तुम्ही स्नायू, वेलबुट्टी आणि राक्षसांची तोंडं उठवलीत, तर टोकाला रुतायला हक्काची जागा मिळाली. शिवाय ठोकून ठोकून पत्रा पातळ होतो तो वेगळाच. म्हणून ही चिलखतं मिरवायची. भाल्यांच्या खेळासाठी दुसरी, जड चिलखतं असत. त्यात दोन घोडेस्वार मधल्या कुंपणाच्या दोन बाजूंनी समोरासमोर दौडत येत आणि एकमेकांवर लाकडी भाले फोडत. प्रतिस्पर्धी डाव्या हाताने येई, म्हणून डाव्या अंगाला जादा पत्रे चढवत.

"अगं, ही चक्क फसवणूक आहे," मी म्हणालो.

"कोणाची?" हिने मेथी निवडता निवडता विचारलं.

"लोकांची. ड्यूकची छाती अशी आहे, असं भासवलंय."

"त्या पोलादाला ड्यूकची कातडी समजण्याइतके तिथले लोक खुळे होते?"

मी गप्प झालो. खोट्याला गिऱ्हाईक लागतं. जे कोणालाच खरं वाटत नाही ते खोटं कसलं? नाटकातल्या राजाच्या मिशीला आपण कुठे खोटारडी म्हणतो?

मग मी इंग्लंडचा आठवा हेन्री काढला. त्याची चिलखतं शिल्लक आहेत, आणि अभ्यासकांनी टेप लावून ती मोजलीही आहेत. १५१५ च्या सुमाराच्या चिलखतात कंबर सुमारे ३५ इंच. १५४० च्या चिलखतात ५१! मधे १५३६ साली तो चिलखतासकट घोड्यावरून पडला आणि त्याचे हे खेळ सुटले. चित्रकाराला दटावून राजाला हवं तसं चित्र काढून घेता येतं. पोलादाला दटावता येत नाही. ते मापानेच ठोकावं लागतं, नाहीतर महाराज आत मावत नाहीत. म्हणजे रुबाबासाठी घातलेल्या पोलादानेच महाराजांचं पोट जगजाहीर केलं. माझ्या बाजूचा म्हणून आणलेला साक्षीदार असा उलटला. हिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझा लग्नातला सूट अजून कपाटात आहे. त्याविषयी इथे अधिक लिहिण्याचं कारण नाही.

राहता राहिला फ्रान्सचा दुसरा हेन्री. याचं १५५५ च्या सुमाराचं मिरवायचं चिलखत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. वजन सुमारे २४ किलो, आणि बोट टेकायला जागा नाही इतकी नक्षी. नक्षीचा विषय, विजय आणि कीर्ती. पण हा राजा नुसता मिरवणारा नव्हता. ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये मुलीच्या आणि बहिणीच्या लग्नाच्या सोहळ्यात तो स्वतः भाला घेऊन उतरला. वय चाळीस. अंगावर काळे-पांढरे रंग, म्हणजे दियान द प्वातिए या त्याच्या प्रेयसीचे. राणी कातरिन समोर बसलेली. (या प्रसंगावर आमच्या घरी वेगळी चर्चा झाली, ती गाळतो.) बऱ्याच फेऱ्या झाल्या. शेवटी त्याच्या स्कॉटिश रक्षकदलाचा कप्तान मोंगोमेरी याच्याशी गाठ पडली. राजाला आणखी एक फेरी हवी होती. राणीने पुरे म्हणून निरोप पाठवला, मोंगोमेरीनेही टाळायला पाहिलं, असं सांगतात. राजाने हुकूमच केला. भाला फुटला आणि त्याच्या ढलप्या शिरस्त्राणाच्या झडपेतून राजाच्या डोळ्यात शिरल्या. आंब्रुआज पारे आणि व्हेसालियस, म्हणजे त्या काळातली सर्वांत मोठी दोन नावं, उशाशी. तरी दहाव्या दिवशी, १० जुलैला, राजा गेला.

"आता बोल," मी म्हणालो. "इथे काही खोटं नाही. भाला खरा, धाडस खरं, डोळाही खरा. मग माणूस म्हणून चांगला कोण? खोटी छाती लावून सुखरूप घरी जाणारा, की खऱ्या छातीने विनाकारण मरणारा?"

प्रश्न मला स्वतःलाच इतका आवडला, की उत्तराची घाई नव्हती. पण हिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"त्या मोंगोमेरीचं काय झालं?"

"राजाने त्याला माफ केलं म्हणतात. पुढे तो प्रोटेस्टंटांना मिळाला, लढाईत पकडला गेला. १५७४ साली पॅरिसमध्येच त्याचं मुंडकं उडवलं. राणी कातरिन तेव्हा हयात होती. तिने मोडका भाला हेच आपलं चिन्ह करून घेतलं होतं."

"पण तो नको म्हणत होता ना?"

"हो. राजाचा हुकूम."

"आणि वर्षाचं काम दोन महिन्यांत करायला लावलं, तो सोनार?"

मी पान शोधलं. कांपी पुढे किल्ले बांधणारा आणि फोडणारा इंजिनिअर झाला, या राजाचा, त्या सरदाराचा. १५७३ साली हॉलंडात हार्लेमच्या वेढ्यात मारला गेला.

हिने निवडलेली मेथी पातेल्यात टाकली.

"आणि ती छाती?"

"ती आहे की माद्रिदला," मी म्हणालो. "स्नायू जसेच्या तसे."