समुद्राची बाजू कोणी मांडावी?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात महासागर, पर्यावरण व विज्ञान यांसाठी सहायक परराष्ट्रमंत्र्याचे पद १९७३ च्या कायद्याने निर्माण झाले. पगार एका देशाचा. काम मात्र ज्याला सातबारा नाही त्या पाण्याचे! मग निष्ठा कोणाशी? पहिल्या पदाधिकारी डिक्सी ली रे स्वतः समुद्री जीवशास्त्रज्ञ. पण आपला सल्लाच घेतला जात नाही म्हणून १९७५ मध्ये काही महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला. पुढे याच विभागातील रिचर्ड बेनेडिक यांनी १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराच्या वाटाघाटी केल्या. ओझोनला घातक रसायने अमेरिकन कारखानेही बनवीत होते, तरी देशाने बंधन स्वीकारले. हा स्वदेशाशी द्रोह मुळीच नव्हे. विरळ ओझोनखाली अमेरिकन माणूसही भाजणारच होता. १९८२ चा समुद्र कायदा करार मात्र अमेरिकेने अजूनही मंजूर केलेला नाही.